डाएट मोडल्यानंतरची संध्याकाळ

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं डाएट दुपारी चार वाजता ऑफिसात आलेल्या बटाटेवड्यानं मोडतं, असा आपला समज आहे. एका वड्यानं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. ‘आजचं मोडलंच आहे, आता सोमवारपासून बघू’ असं मनात येतं आणि मग दुसरा वडा, चहाबरोबर खारी, रात्री फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा. सोमवार उजाडेपर्यंत मधले चार दिवस मोकाट जातात. त्या चार दिवसांत माणूस मजेत असतो म्हणावं, तर तेही नाही. प्रत्येक घासाबरोबर तो स्वतःला शिव्या घालत असतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या आज्यांनी उपासाच्या फराळाकडे बघून म्हटलं होतं. मानसशास्त्रज्ञांनी जवळपास तेच पुढे प्रयोगशाळेत मोजलं.

अमेरिकेत १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजातल्या मुलींना ‘चव कशी वाटते ते सांगा’ म्हणून आइस्क्रीम दिलं. काहींना त्याआधी मिल्कशेक प्यायला लावला होता, काहींना नाही. एरवी खाण्याचा फारसा विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, साधा हिशोब. खाण्यावर कडक पहारा ठेवणाऱ्या मुलींचं मात्र उलटं झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी जास्त आइस्क्रीम खाल्लं. दिवसाची मर्यादा ओलांडली गेली, मग मोजायचं कशाला? दूध उतू गेलं म्हणून उरलेलं कोणी मोरीत ओतत नाही, पण डाएटच्या बाबतीत शहाणी माणसं नेमकं हेच करतात.

मग २००७ साली क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी मुलींना डोनट खायला दिला आणि त्यातल्या काहींशी संशोधक सहज बोलल्यासारखं बोलली : असलं काहीतरी सगळेच कधी ना कधी खातात, एवढं मनाला लावून घेऊ नका. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. नंतर चव बघण्याच्या निमित्तानं चॉकलेट-गोळ्यांच्या वाट्या समोर आल्या. कडक डाएटवाल्या मुलींपैकी ज्यांनी ते दोन समजुतीचे शब्द ऐकले होते, त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांचा हात सुटला. हा एका दुपारचा, कॉलेजातल्या मुलींवरचा छोटा प्रयोग आहे. त्यावरून कोणाचं दहा किलो वजन उतरेल असं सांगणं लबाडीचं होईल. पण ‘स्वतःला झोडपलं नाही तर मी सैल सुटेन’ ही जी भीती आपल्याकडे शिस्त म्हणून मिरवते, तिला त्यानं चांगला धक्का दिला आहे.

इथे एक शंका येतेच. स्वतःशी मायेनं वागायचं म्हणजे ‘चालतंय की’ म्हणत जिलबी ओढायची का? टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून या विषयाची शास्त्रीय मांडणी केली. त्यांच्या मते यात तीन गोष्टी असतात : स्वतःशी कठोर न बोलणं, चुकणारे आपण एकटेच नाही याची जाणीव, आणि जे घडलं ते न फुगवता, न लपवता पाहणं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ‘मी तीन जिलब्या खाल्ल्या’ हे कबूल करावंच लागतं. ‘म्हणून मी नालायक आहे’ एवढं पुढचं वाक्य गाळायचं. मैत्रिणीनं फोन करून हेच सांगितलं असतं तर ‘अगं, झालं ते झालं, रात्रीचं जेवण चुकवू नकोस’ असंच आपण म्हटलं असतं. जेवण न चुकवणं हा या साऱ्यातला सगळ्यात व्यावहारिक भाग आहे. दुपारी जास्त खाल्लं म्हणून रात्री उपाशी राहणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या वड्याची तयारी करत असतो.

उपासमारीनं मनाचं काय होतं, याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा एका युद्धकाळातल्या प्रयोगात आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांना ठेवून घेतलं. सद्सद्विवेकापोटी सैन्यात जायला नकार दिलेले, पण देशासाठी काहीतरी करायची इच्छा असलेले हे लोक. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा कसं जेवू घालायचं, हे शोधायचं होतं. आधी १२ आठवडे पुरेसं जेवण, मग २४ आठवडे दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी आणि भरपूर चालणं. शरीरानं आणि मनानं निरोगी म्हणून निवडलेली ही माणसं काही आठवड्यांत ओळखू येईनाशी झाली. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं, कुणात न मिसळणं. पाककृतींची पुस्तकं ती कादंबरीसारखी वाचू लागली. पुढ्यातलं ताट संपू नये म्हणून तासन् तास घोळवत बसायची आणि शेवटी चाटून पुसून लख्ख करायची. वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. जेवण पूर्ववत झाल्यावरही कित्येकांची भूक भागेना. पोट तुडुंब, तरी हात थांबत नव्हता.

ही १,५७० कॅलरींची गोष्ट आज वाचताना गंमत वाटते, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते त्याहून खाली, बाराशेपर्यंत जातात. तुलना अगदी सरळ नाही. ते सडपातळ पुरुष होते, त्यांची गरज मोठी होती. तरीही एवढं घेण्यासारखं आहे : कडक डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात जी बाई रात्री झोपताना रेसिपीचे रील्स बघत बसते आणि मुलांवर विनाकारण ओरडते, तिचा स्वभाव बिघडलेला नसतो. तिचं शरीर टंचाई नोंदवत असतं. ऑस्ट्रेलियातल्या एका पथकानं २०११ साली दाखवलं की, वजन उतरवल्यानंतर वर्ष झालं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढंच राहतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खालीच असतं. वजन परत येण्याला आपण ‘मनाचा निर्धार नाही’ म्हणतो. त्यात हार्मोन्सचा वाटा केवढा असतो!

उपासमारीच्या प्रयोगातल्या याच कीज यांनी १९७२ मध्ये उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या आकड्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) हे नाव रूढ केलं. मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. तो डॉक्टर नव्हता, त्याला लोकसंख्येची सरासरी काढायची होती. त्या आकड्याची मर्यादा एका गमतीदार छायाचित्रानं दाखवली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’नं २००४ साली हे छापलं. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ वर आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटीमीटर धरतात, त्यामागे असलीच निरीक्षणं आहेत. म्हणजे बारीक दिसणाऱ्यानं निश्चिंत राहू नये आणि जाड दिसणाऱ्याला समाजानं परस्पर नापास करू नये. कमरेचा टेप, साखर, रक्तदाब यांना आपण कसे दिसतो याच्याशी देणंघेणं नसतं.

सुरुवात काट्यापासून न करता डॉक्टरांपासून करावी, याला आणखी एक कारण आहे. लठ्ठपणा आणि नैराश्य एकमेकांना ओढतात. दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या निष्कर्षांनुसार, लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त आणि नैराश्य असलेल्यांना लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी जास्त. झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी त्यावर उपचार. थायरॉइड तपासावं, पाळी अनियमित असेल तर तेही सांगावं. ऑलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट या औषधांनी आणि स्टेरॉइडनं वजन वाढू शकतं. पण गोळ्या मनानं बंद करणं वाढलेल्या वजनापेक्षा महागात पडतं. पर्याय आहे का, हे डॉक्टरांनाच विचारावं.

ध्येय किती ठेवायचं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्ष्य होतं सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. प्रत्यक्षात सरासरी ५.६ किलो उतरले आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यांच्या सोळा पाठांच्या अभ्यासक्रमात घसरल्यावर काय करायचं आणि मनातल्या नकारात्मक बोलण्याला उत्तर कसं द्यायचं, यांचे स्वतंत्र पाठ होते. घसरणं गृहीतच धरलेलं! चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं असाच अभ्यास केला. तिथे मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं आणि लोकांची वजनं जवळपास जिथल्या तिथे होती. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तसंही तो काटा रोज खरं बोलत नाही. शरीरातल्या साठवणीच्या साखरेबरोबर तिच्या तिपटीनं पाणी असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं ते बरंचसं पाणीच. लग्नाच्या पंगतीनंतर किलोभर चढतं तेही बहुतेक पाणी आणि मीठ. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी; एवढं एका पंगतीत खाऊन दाखवणारा विरळाच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी वजन करावं. आकडा बघून दिवस नासत असेल तर तेही करू नये, जुन्या कुर्त्याची शिवण पुरेसं सांगते.

बायकांच्या बाबतीत मला एक गोष्ट सगळ्या तक्त्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. सगळ्यांना वाढून झाल्यावर रात्री दहाला ओट्याशी उभ्यानं, मुलाच्या ताटातला उरलेला भात आणि कढईतली तळाची भाजी खाणारी बाई काय आणि किती खाल्लं, हे सांगूच शकत नाही. तिनं सगळ्यांबरोबर बसून, स्वतःचं ताट वाढून घेणं ही खरी सुरुवात. वेगळा स्वयंपाक लागत नाही : उसळ आणि भाजी जास्त, भात-पोळी कमी, कोशिंबीर आधी.

आणि माणसं बोलतातच. हळदीकुंकवाला ‘काय गं, सासर मानवलं वाटतं’, चार किलो उतरवले की ‘आजारी होतीस का?’. दोन्हींना उत्तर देण्याचं बंधन नाही. मात्र घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीसमोर आपल्या किंवा तिच्या पोटावरून विनोद करणं आजच थांबवता येतं.

काहींनी मात्र डाएट सुरूच करू नये, निदान एकट्यानं. लपून भरमसाट खाणं, खाल्ल्यावर उलटी काढणं, दिवसातून चार वेळा वजन करणं, जेवणाच्या भीतीनं लोकांत जाणं टाळणं, यांपैकी काही होत असेल तर आहारतज्ज्ञाआधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर कुठल्या आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. ‘जेवल्यावर मला स्वतःची चीड येते’ एवढ्यावर बोलणं सुरू होऊ शकतं.