मगरिबच्या वेळी बाळ रडते, म्हणजे दूध पुरत नाही का?

असरनंतर घरात कामांची गर्दी होते. चहा, भाकरी, मोठ्या मुलांचा अभ्यास, कामावरून परतणारी माणसे. नेमक्या याच वेळी महिना-दीड महिन्याचे तान्हे बाळ किरकिर सुरू करते. पाजायला घेतले की चार घोट घेऊन तोंड फिरवते, खाली ठेवले की रडते, लगेच पुन्हा मागते. मगरिब होते, इशा होते, तरी तेच. मग घरातले कोणी तरी म्हणतेच, "हिला दूधच पुरत नाही. डबा आणा."

मलकापूर-कराड भागातल्या आपल्या घरांत हे वाक्य सहज बोलले जाते. पण रात्रंदिवस जागणाऱ्या नव्या आईच्या काळजाला ते लागते. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. तरीही या रडण्याबद्दल जे माहीत झाले आहे, ते प्रत्येक घरात पोहोचावे असे आम्हाला वाटते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझलटन यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९६२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सहाव्या आठवड्यात बाळे दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, तेही मुख्यतः संध्याकाळी. नंतर रडणे ओसरत गेले. हे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढते आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचे थांबते.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आपला चिल्ला ४० दिवसांचा. चिल्ल्याची आंघोळ झाली की बऱ्याच घरांत लेक माहेराहून सासरी येते. म्हणजे रडणे सर्वांत जास्त असते, त्याच आठवड्यात घर बदलते. माहेरचे म्हणतात, "तिकडे नजर लागली." सासरचे म्हणतात, "दूध आटले." खरे तर दोष ना घराचा, ना आईचा. बाळाचे ते वयच तसे असते.

दिवसभराच्या आवाजाने आणि माणसांनी बाळ थकलेले असते. शिवाय रात्री सलग झोपण्यापूर्वी बरीच बाळे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा पितात. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. म्हणून अशा वेळी बाटली दिली की बाळ कमी ओढते, आणि दूध खरोखरच कमी होऊ लागते. छाती मऊ लागली म्हणजे दूध संपले, असेही नाही.

दूध पुरते का, हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, वजन वाढते का, हे पाहा. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. सासरी आल्यावर तिथल्या आशाताईंना कळवा आणि वजन करून घ्या. वजन वाढत नसेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्यांनी वरचे दूध सांगितले, तर त्यात आईला कमीपणा नाही.

संध्याकाळी मागेल तितके पाजा. दिवा मंद करा, टीव्ही बंद करा. बाळाला उघड्या छातीशी धरा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, फेऱ्या मारा. मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना आहे. पण पाणी कितीही चांगले असले, तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नको. मध वर्षभर नको. घुटी, ग्राइप वॉटर मनाने देऊ नका. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी देऊन निजवत. बाळ गप्प होणे म्हणजे बरे होणे नव्हे. आणि कितीही वैताग आला, तरी बाळाला गदागदा हलवू नका. सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाजूला व्हा.

मात्र ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध न ओढणे, धाप लागणे, अंग ढिले पडणे किंवा वेगळाच, न थांबणारा आवाज असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मलकापुरात कृष्णा रुग्णालय जवळच आहे.

सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. त्याच आयतीत आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली आहे, आणि बाळापायी आईला त्रास होऊ नये असेही बजावले आहे. तेव्हा मगरिबनंतर तासभर बाळ अब्बांच्या खांद्यावर असू द्या. दादीने सुनेला गरम जेवण वाढावे आणि म्हणावे, "बेटी, तू जेव. दूध पुरतंय. थोड्या दिवसांत हे रडणं थांबेल." डबा आणण्याआधी एवढे करून पाहा.