बटण ३० वर, पहिला शब्द १०० वॅटचा

हौशी रेडिओच्या रिगवर शक्तीचं बटण ३० वॅटवर ठेवलं, तरी बोलण्याचा पहिला उच्चार काही मिलिसेकंद १०० वॅटच्या आसपास बाहेर पडू शकतो. लगेच रिग सावरते. मीटरचा काटा ३० च्या पुढे गेलेला दिसत नाही, कारण साध्या मीटरचा काटा इतक्या झटपट हलूच शकत नाही.

याचं मूळ स्वयंचलित पातळी-नियंत्रणात, हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींच्या भाषेत ‘एएलसी’त आहे. अँटेनाकडे जाणारी शक्ती मोजून तिचं लहानसं व्होल्टेज बनवलं जातं. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की आधीच्या टप्प्यांचं प्रवर्धन कमी होतं. ऑर्केस्ट्रात गायकाने एकदम वरचा सूर लावला, की साउंडवाल्याचा हात बटणाकडे जातो. पण तोवर तो सूर श्रोत्यांच्या कानावर आदळलेला असतो. एएलसीचंही असंच होतं. बोलणं सुरू होण्याआधी मोजायला काही नसतं, म्हणून प्रवर्धन पूर्ण उघडं असतं. शब्दांमध्ये जरा विराम घेतला, की ते पुन्हा उघडतं आणि पुढचा शब्द पुन्हा उसळतो. बटण जितकं खाली, तितकं एएलसीला जास्त आवरावं लागतं. म्हणून उसळीचा त्रास कमी शक्तीवर अधिक जाणवतो.

नियंत्रणाचा वेग वाढवणं हा उपाय वाटतो, पण तो अपुरा आहे. अनेक रिगमध्ये नियंत्रित टप्पा आणि शेवटचा टप्पा यांच्यामध्ये क्रिस्टल फिल्टर असतो, आणि त्यातून जाताना सिग्नलला उशीर होतो. उशीर तसाच ठेवून वेग वाढवला, तर नियंत्रण हेलकावे खाऊ लागतं. प्रवर्धन फार झपाट्याने बदललं की आवाजाचा आकारही मोडतो आणि सिग्नल शेजारच्या वारंवारतांवर सांडतो. मोर्समध्ये याच कारणाने प्रत्येक टिंबाच्या सुरुवातीला टकटक ऐकू येते.

बोरीवलीसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात हा दोष उघडा पडतो. भारतात ४० मीटरचा पट्टा ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ एवढाच, आणि एका संभाषणाला त्यातले सुमारे अडीच-तीन किलोहर्ट्झ लागतात. बोरीवलीच्या गच्चीवरच्या तारेतून सांडलेला सिग्नल कांदिवली-दहिसरच्या हॅमला इतका जोरात येतो, की दूरचं क्षीण स्टेशन त्याखाली गाडलं जातं. रेडिओ लहरींवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं आंतरराष्ट्रीय मॉनिटरिंग स्टेशनही बोरीवली पश्चिमेलाच, गोराई रोडवर आहे, आणि मुंबईकरांची हौशी परवान्याची परीक्षा तिथेच होत आली आहे. रिस्ट्रिक्टेड परवान्याला ५० वॅटची मर्यादा आहे, जनरलला ४०० वॅटची. म्हणजे १०० वॅटची रिग घेऊन बटण ५० वर ठेवणाऱ्या नवख्या परवानाधारकाकडून, नियम पाळण्याची पूर्ण इच्छा असूनही, क्षणभर मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

खर्चिक नुकसान होतं ते रिगच्या पुढे लिनिअर, म्हणजे शक्ती आणखी वाढवणारा प्रवर्धक, जोडल्यावर. ३० वॅटमध्ये पूर्ण चालणाऱ्या लिनिअरला क्षणभर तिपटीहून जास्त शक्ती मिळते. व्हॉल्व्ह अशी चूक बऱ्याचदा सोसतो. ट्रान्झिस्टरचं गेट मात्र क्षणात निकामी होऊ शकतं. संरक्षक मंडल असेल, तर पहिल्याच शब्दाला लिनिअर बंद पडतो.

लिनिअरकडून रिगकडे एएलसीची वेगळी तार आणता येते. पण तीही शक्ती वाढल्यावरच बोलते, म्हणून तिच्यावर विसंबणं बरं नाही. सर्वांत भरवशाचा उपाय अगदी साधा आहे: रिग आणि लिनिअर यांच्यामध्ये योग्य क्षमतेचा अटेन्युएटर. ३ डेसिबलचा अटेन्युएटर १०० वॅटचे ५० करतो. उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. तिथे उशिराचा प्रश्नच उरत नाही. माइक गेन एवढाच ठेवावा, की मोठ्याने बोलल्यावरच एएलसीचा काटा जेमतेम हलेल. एफटी८सारख्या डिजिटल पद्धतीत तो हलूच देऊ नये. शक्ती संगणकाच्या आवाजाच्या पातळीनेच कमी करावी. एएलसी शेवटचं कुंपण म्हणून ठेवायची असते, रोजची शक्ती तिच्याकडून ठरवून घ्यायची नसते.

नव्या डिजिटल रिगमध्ये सिग्नल क्षणभर थांबवून पुढचा उंचवटा आधीच ओळखता येतो आणि प्रवर्धन वेळेत कमी करता येतं. पण सगळ्याच कंपन्या तसं करत नाहीत. म्हणून नवी-जुनी कुठलीही रिग आधी अँटेनाऐवजी डमी लोडवर चालवून ऑसिलोस्कोपवर पाहावी. बटण सर्वांत खाली ठेवून, थोडं थांबून एकच शब्द बोलावा. उसळी असेल तर त्या शब्दाच्या पहिल्याच टोकाला उभी दिसते.