स्वयंव्यवस्थापित संगणक प्रणाली आणि प्रणालीविचार

सततच्या मानवी देखरेखीवाचून स्वतःची जुळणी, दुरुस्ती, कार्यक्षमता आणि संरक्षण सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीस स्वयंव्यवस्थापित संगणक प्रणाली म्हणतात. आय.बी.एम. कंपनीने २००१ मध्ये ही संकल्पना मांडली. लक्ष न देताही हृदयाच्या ठोक्यांची गती नियंत्रित करणारी शरीरातील स्वायत्त चेतासंस्था हे तिचे प्रेरणास्थान होय. अशा प्रणालीत निरीक्षण, विश्लेषण, नियोजन आणि कृती यांचे चक्र साठवलेल्या ज्ञानाच्या आधारे अखंड फिरत असते.

या चक्राचे संगणकाविना चालणारे प्राथमिक रूप ठाणे जिल्ह्यात पाहावयास मिळते. मुरबाड तालुक्यात जलाशय पसरलेल्या बारवी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की बंद होतात. धरणापुरते पाहिल्यास ही व्यवस्था चोख आहे. मात्र खाली नदीपात्रात कोणी कपडे धूत आहे की गुरे उतरली आहेत, हे दरवाजाला कळत नाही. काठच्या गावांना इशारा माणसांनाच द्यावा लागतो. म्हणून प्रणालीविचारात पहिला प्रश्न दरवाजा कसा चालतो हा नसून प्रणालीची सीमा कोठे आखली, हा असतो.

दुसरा प्रश्न उद्दिष्टाचा. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. येथे यंत्रणेत बिघाड नाही. तिच्या उद्दिष्टातच ते पाडे नाहीत. केवळ सरासरी प्रतिसादवेळ मोजणाऱ्या संगणक प्रणालीचेही असेच होते: सरासरी उत्तम राहते आणि थोड्या वापरकर्त्यांची विनंती वारंवार निष्फळ ठरते, तरी तिला त्याची जाणीव होत नाही.

प्रत्येक भाग नियमानुसार वागूनही संपूर्ण प्रणाली कोसळू शकते, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या बाबतीत दिसले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळे तुटले. डेटा सेंटरशी संपर्क न झाल्यास स्वतःला सदोष मानून इंटरनेटवरून आपला मार्ग मागे घ्यावा, असा नियम तिच्या नामनिर्देशक सर्व्हरना घालून दिलेला होता. एखाददुसऱ्या सर्व्हरसाठी तो शहाणपणाचाच. परंतु त्या दिवशी सर्वांनी तो एकाच वेळी पाळला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद राहिले, आणि दुरून दुरुस्ती करण्याची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.