राजा गेला, तिकीट आले

1842 साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानिक आप्पासाहेब पटवर्धनांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना फर्मावले : असे काही मराठीत करा, पण नीटनेटके. 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीता स्वयंवर’ झाले. इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण तोवर भाव्यांची मंडळी म्हणजे दरबारचेच एक खाते होते. कंपनी व्हायला तिला आणखी दहा वर्षे लागली.

खेळ कसा चाले? सूत्रधार मंगलाचरण म्हणे, पालापाचोळा ल्यालेला विदूषक त्याची फिरकी घेई. मग गणपती येई, मोरावर बसून नाचत सरस्वती येई, आणि आख्यान सुरू. पदे सगळी सूत्रधाराने गायची. पात्रांनी त्या अनुरोधाने मनचे बोलायचे. लिहिलेले संवाद नव्हतेच. राक्षसपार्टी तलवारी परजत ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून शिरली की पोरेबाळे आईच्या कुशीत. सीता, शूर्पणखा पोरगेलेसे पुरुषच होत. तोंडाला रंग फासणाऱ्यांना समाज नावे ठेवी, पण राजाच पाठीशी म्हटल्यावर कोण काय करणार?

1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि आश्रय तुटला. भाव्यांनी बिऱ्हाड पाठीवर घेतले.

मार्च 1853. मुंबईच्या ग्रँट रोडवर, नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नाट्यगृहात, मंडळींनी तिकीट लावून खेळ केला. आता राजाची मर्जी नको, गल्ला हवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीही त्याच रंगमंचावर उतरली. सांगलीकरांचे पाहून गावोगावी मंडळ्या निघाल्या. भाव्यांनी मात्र दहाएक वर्षांतच हा व्यवसाय सोडला. 1880 मध्ये किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले, तेव्हा गाणे सूत्रधाराकडून पात्रांच्या गळ्यात गेले होते.

मराठी नाटक राजाश्रयात जन्मले हे खरे, पण जगले ते तिकिटावर. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत याचा पुरावा आजही आहे. वडशात इथल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ कंपनीशी ठराव करते, मोकळ्या शेतात मंडप घालते, तिकिटे खपवते. नाटक रात्रभर चालते, गाणी तिथल्या तिथे वाजतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीतून एका रात्रीची सुटका हवी असेल, तर दिवाळीनंतर चांदाफोर्टहून गोंदियाकडे जाणारी गाडी धरा आणि वडशाला उतरा. घोंगडी सोबत असू द्या.