बोगद्यातली पाकट आणि कोवलमचा किनारा

‘कोवलमला चाललोय’ असं म्हटलं की ऐकणारा हमखास केरळ गृहीत धरतो. पण तामिळनाडूतही एक कोवलम आहे. चेन्नईपासून साधारण 40 किलोमीटर दक्षिणेला, महाबलीपुरमच्या वाटेवरचं हे कोळ्यांचं गाव. तिथे जाणारा ईस्ट कोस्ट रोड, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडचा ‘ईसीआर’, किनाऱ्याच्या सोबतीने जातो. बरोबर लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील, तर या एकाच रस्त्यावर अख्खा दिवस मजेत जातो. उन्हाच्या वेळी मत्स्यालय आणि ऊन उतरलं की कोवलमचा किनारा, असा बेत आखा.

मासे बघण्याची जुनी हौस

चेन्नईला मत्स्यालय नवीन नाही. मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या कल्पनेतून 1909 मध्ये मरीना किनाऱ्यावर मत्स्यालय सुरू झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं. आपल्याकडे मुंबईत 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. गावाहून पाहुणे आले की त्यांना चर्नी रोडला मासे दाखवायला न्यायचं, हा कित्येक मराठी घरांचा शिरस्ताच होता. ते दार बंद झाल्यापासून मुलांना मोठं मत्स्यालय कुठे दाखवायचं, हा प्रश्न आहेच. चेन्नईची सहल ठरली असेल, तर त्याचं एक उत्तर ईसीआरवर सापडतं.

डोक्यावरून जाणारे मासे

इंजंबाक्कम इथलं व्हीजीपी मरीन किंग्डम 2019 मध्ये सुरू झालं. पर्जन्यवन, खारफुटी, किनारा, खोल समुद्र अशा अधिवासांनुसार त्याचे विभाग केले आहेत. त्यामुळे गोड्या पाण्यापासून सुरू झालेली वाट हळूहळू समुद्रात उतरते. सगळ्यात जास्त गर्दी अर्थातच पारदर्शक बोगद्यात. दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर पाणी आणि वरून संथपणे सरकणाऱ्या मुशी आणि पाकटी.

या बोगद्यात आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची जुंपली. माझी आई रत्नागिरीकडची. वरून एक पाकट गेली तशी ती म्हणाली, “अगं बाई, केवढी पाकट!”

सहा वर्षांचा भाचा लगेच म्हणाला, “आजी, ती स्टिंगरे आहे.”

“असेल तुझ्या टीव्हीत. आपल्याकडे तिला पाकटच म्हणतात. आणि ती बघ मुशी.”

“ती शार्क आहे!”

“तीच रे.”

मग त्याने आपलं ज्ञान पाजळलं. समुद्रघोड्यात पिल्लं बाबांच्या पोटातल्या पिशवीत वाढतात, असं त्याने सांगितल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बरंय की, बाळंतपण बापाचं!” आसपासची अनोळखी माणसंही हसली, मराठी न कळताच.

या गमतीत एक मुद्दा आहे. आपल्या मुलांना निमो ठाऊक असतो, पण पाकट, मुशी, तांबोशी ही नावं घरातूनच पुसली जातायत. मत्स्यालयात आजी-आजोबांना मागे बाकावर बसवू नका, पुढे चालू द्या. प्रत्येक टाकीपाशी माहितीफलक वाचण्याआधी त्यांना विचारा, “याला आपण काय म्हणतो?”

काचेमागचं काम

बोगद्याची ‘काच’ ही खरं तर काच नसते, ते जाड अॅक्रिलिक असतं. ते काचेपेक्षा हलकं असतं, त्याला बाक देता येतो आणि पाण्याचा प्रचंड दाब ते पेलतं. पाण्याचीही एक गंमत मुलांना सांगा. सपाट काचेतून बघताना मासा असतो त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ भासतो. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे हे होतं.

खरं काम मात्र डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. गाळणीतले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणून नवी टाकी भरली की लगेच मासे सोडून चालत नाही, जीवाणू वाढायला काही आठवडे द्यावे लागतात. घरच्या छोट्या टाकीलाही हाच नियम लागू.

टिचकी नको, फ्लॅश नको

माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली कंपनं टिपणारी रेषा असते. आपल्याला किरकोळ वाटणारी टिचकी त्यांना चांगलीच जाणवते. बहुतेक माशांना पापण्या नसतात, त्यामुळे फ्लॅश चमकला तरी त्यांना डोळे मिटता येत नाहीत. ‘हात लावू नको’ असं ओरडण्यापेक्षा हे कारण सांगितलं, तर मुलं ऐकतात. आमचा भाचा तर नंतर मोठ्यांनाच दटावत होता.

बाहेर पडताना त्याने विचारलं, “यांना घरी जावंसं वाटत नसेल?” याचं गोड उत्तर देऊन मोकळं होऊ नका. खुल्या समुद्रातल्या प्राण्याला टाकी लहानच पडते, हे मुलांना कळू द्या. आणि मग त्यांना त्यांचं घर दाखवायला न्या. ते जवळच आहे.

खऱ्या समुद्रावर

कोवलमच्या किनाऱ्याला 2021 मध्ये स्वच्छता आणि सुरक्षिततेसाठीचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. इथे मासेमारीच्या होड्या दिसतात आणि लाटांवर सर्फिंग करणारी मुलंही. कोकणच्या सवयीने सूर्यास्ताची वाट बघू नका. इथे सूर्य समुद्रात बुडत नाही, समुद्रातून उगवतो. मुक्काम असेल तर पहाटे उठाच.

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत याच किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चेन्नईतले विद्यार्थी 1988 पासून रात्री किनाऱ्यावर चालत जाऊन ही अंडी वाचवतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये चालतं, तेच काम. तरीही जानेवारी 2025 मध्ये चेन्नईच्या आसपास शेकडो मृत कासवं वाहून आली. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर ते गुदमरतं. जाळ्यातून कासव निसटेल अशी चौकट बसवता येते, पण ती सगळीकडे वापरली जात नाही. मुलांना हे सांगताना घाबरवू नका, पण लपवूही नका.

निघण्यापूर्वी

* डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे पावसाळा असतो.
* तिकिटाचे दर आणि वेळा आदल्या दिवशी बघून घ्या.
* बोगद्यात घाई नको. एकाच टाकीसमोर दहा मिनिटं थांबलात, तर जास्त दिसतं.
* वेळ उरला तर मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र किंवा कोवलमच्या पुढची, 1976 मध्ये सुरू झालेली मगर बँक बघा. साप्ताहिक सुट्टी आधी तपासा.
* किनाऱ्यावर जीवरक्षक सांगतील तिथेच पाण्यात उतरा. आणलेलं प्लॅस्टिक परत घेऊन या. कासवं जेलीफिश खातात आणि पाण्यात तरंगणारी पिशवी त्यांना तशीच दिसते.