मोती तलावाच्या काठी, सावकाश

"डॉक्टर, आईला प्रवास झेपेल का?" दिवाळी सरली की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वारंवार येतो. बहुधा तो हलक्या आवाजात विचारला जातो आणि जिच्याविषयी तो असतो ती आई बाहेर बाकावर बसलेली असते. अलीकडे मी तिला आत बोलावतो आणि तिलाच विचारतो, कुठे जायचे आहे, आणि तिथे जाऊन काय करायचे आहे? ही सवय मला माझ्याच आईमुळे लागली. तीही उशिरा, सावंतवाडीत.

सावंतवाडी हे तिचे माहेर. तळकोकणातले, खेम सावंतांच्या संस्थानाचे हे शहर एका तळ्याभोवती वसले आहे. मोती तलावाच्या एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजारपेठ आणि पाठीशी नरेंद्र डोंगराची दाट हिरवाई. शहर लहान असल्याने पाहण्याजोगे सारे जवळजवळ आहे आणि तलावाकाठची वाट सपाट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मोठ्या पर्यटनस्थळापेक्षा असे गाव कितीतरी सोयीचे असते. माझा बेत मात्र मोठ्या पर्यटनस्थळाला साजेसा होता. पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी आंबोली, तिसऱ्या दिवशी गोवा. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. रक्तदाबासाठी तिला दोन गोळ्या होत्या, त्यातली एक लघवी वाढवणारी.

दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने आम्ही निघालो. केशवसुतांच्या कवितेवरून या गाडीला हे नाव मिळाले आहे. सकाळी आईने गोळ्या वेळेवर घेतल्या, मीच दिल्या. पाणी मात्र ती पीत नव्हती. चालत्या गाडीतल्या शौचालयात जायला नको, म्हणून तिने रात्रीपासूनच घोट आवरले होते आणि हे तिने मला सांगितले नव्हते. दुपारी सावंतवाडी रोडला उतरलो. स्टेशन शहराबाहेर आहे. तिथून रिक्षाने गावात आलो, सामान ठेवले आणि मी लगेच तिला राजवाडा पाहायला बाहेर काढले. तलावाच्या कठड्याजवळ ती थांबली, "अंधारल्यासारखं होतंय रे," म्हणाली आणि माझ्या अंगावर कलली.

रक्तदाबाचे यंत्र माझ्या पिशवीत होते, पण पिशवी खोलीवर. आधी तिला आडवे केले, पाय उंच धरले. शुद्धीवर होती, नाडी लागत होती, छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते. थोड्या वेळाने तिला घोट घोट पाणी पाजले. ज्या रिक्षावाल्याने परत नेले तो इतकेच म्हणाला, "सावकास बस, आजये, माका घाई नाय." दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी तिला घाई नाही असे सांगत होते.

घडले ते साधे होते. उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. त्यात पाणी कमी, दमट उष्मा, लघवी वाढवणारी गोळी आणि लांब बैठक; उभे राहताच रक्तदाब खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. अशा पडण्यातून मांडीचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून प्रवासाच्या दिवशी ही गोळी कधी घ्यावी, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. ती परस्पर बंद मात्र करू नये. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायचे असते, त्यांनी ते मापही विचारून ठेवावे. शौचालयाची भीती मोठ्यांकडून काढून घ्यायची असेल तर तो विषय घरातल्या तरुणांनीच आधी काढावा. खालचा बर्थ, शौचालयाजवळचा डबा, सोबत कोणीतरी, आणि गरज असेल तर प्रौढांचे डायपर. यात लाजण्यासारखे काही नाही.

खालच्या बर्थसाठी रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांचा वेगळा कोटा आहे. तिकीट काढताना तो निवडावा लागतो. ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ या वयात निम्मे भाडे. जवळ ओळखपत्र हवे. एसटीत मागची जागा मात्र कधीही घेऊ नये. मागच्या चाकावरचा एक दणका विरळ झालेल्या हाडांच्या माणसाचा मणका दाबून टाकायला पुरेसा होतो. "बसमध्ये जरा आदळलो आणि तेव्हापासून पाठ दुखते," असे सांगत येणाऱ्या वृद्धेचा एक्सरे मी काढून घेतोच.

आंबोली आम्ही रद्द केली. जायचेच असेल तर घाटात पुढच्या सीटवर बसावे, पोट हलके ठेवावे आणि दूरवर पाहावे. वांती थांबवणाऱ्या ज्या गोळ्या सहज मिळतात, त्यांतल्या अनेकींनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. विचारल्याशिवाय त्या देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारले, तुला काय करायचे आहे? "काही नाही. तलावावर बसायचं आणि चितारआळीत जायचं." सकाळी ऊन वाढण्यापूर्वी आम्ही काठावर बसलो. समोरून कोण जातो त्याचा चेहरा ती निरखत होती. एका बाईला तिने आडनावावरून ओळखले आणि दोघी तासभर बोलल्या. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर पाहिले. दशावतारी गंजिफाच्या गोल पत्त्यांचे दहा रंग असतात, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते; लहानपणी घरातला एक जोड आपण पाण्यात भिजवला होता, हे तिने मला प्रथमच सांगितले. चितारआळीत तिने लाकडी फळांची परडी घेतली. केळे हातात धरून घासाघीस करताना तिचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, मालवणी झाला होता.

या बाजूला येण्यासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात हिरवाई अधिक, पण चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर ते आधी बदलावे. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, कारण लेप्टोचा धोका इथे खरा आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत आढळले आहेत, तेव्हा काजूच्या बागांत आणि रानात भटकणे टाळावे. परतल्यावर दोनतीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "कोकणात जाऊन आलो" हे आवर्जून सांगावे. जेवणात सुकी मासळी, पापड आणि लोणचे यांतले मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने लक्षात ठेवावे. उकड्या तांदळाची पेज मात्र थकलेल्या पोटाला छान.

औषधे नेहमी हातातल्या पिशवीत, दोन दिवसांची जास्त. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत कधीही नाही. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला मात्र बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते, तेव्हा गाडीवाल्याचा क्रमांक उतरल्यादिवशीच लिहून घ्यावा. आम्ही त्या रिक्षावाल्याचाच लिहून घेतला होता. लागला नाही. आई मात्र त्याला अजून अधूनमधून फोन करते, तलावात पाणी किती आहे ते विचारायला.