कूलर-एसीची निगा आणि घरातले आजार

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. निवृत्त झालेले एक गुरुजी दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, दिवसभर काही होत नाही जी. रात्री दोन वाजले की खोकला सुरू." त्यांचा हा सलग दुसरा उन्हाळा होता. पहिल्या वर्षी मी छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली, खोकल्याचे औषध दिले, शेवटी दम्याचा पंपही दिला. पाऊस पडला, खोकला गेला आणि श्रेय मी घेतले. या वेळी मात्र त्यांच्या पत्नीचे बीपी पाहायला घरी जाणे झाले. झोपायच्या खोलीत एसी लावलेला. सहज झाकण उघडायला सांगितले, तर आतल्या जाळीवर घोंगडीसारखा करडा थर! घर राईस मिलच्या रस्त्यावर. एसी घेऊन तीन वर्षे झाली होती आणि ते झाकण एकदाही उघडले नव्हते. "थंड तर करते जी," असे गुरुजी म्हणाले. जाळी धुतली, मिस्त्री बोलावून आतले कॉइल धुऊन घेतले. पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला बराच कमी झाला. दोन वर्षे मी त्यांची छाती तपासत राहिलो आणि ते झोपतात कुठे, हे विचारले नाही. चूक माझीच.

आपल्या भागात थंड हवा ही चैन राहिलेली नाही. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात आपल्याकडेही काही वेगळे नसते. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, हृदयाचे रुग्ण यांना त्या दिवसांत थंड खोली हे औषधच आहे. म्हणूनच हे यंत्र ऐन मे महिन्यात बंद पडू नये. मिस्त्रीला मेमध्ये बोलावले तर तो आठवड्याने येतो. होळी झाली की लगेच बोलवावा, म्हणजे तो निवांत असतो आणि काम नीट करतो.

एसीचे पाहू. पुढच्या झाकणामागची जाळी आपण स्वतः काढू शकतो. त्यासाठी मिस्त्री लागत नाही. बटण बंद करून जाळी काढा, नळाखाली साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत लावा. पुस्तकात महिन्यातून एकदा लिहिलेले असते. पण आपला हा धानाचा जिल्हा. उन्हाळी धानाची मळणी, मिलचा कोंडा, रस्त्याची धूळ. इथे एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी धुवावी. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आठवड्याने. आतले कॉइल, पंखा आणि पाणी वाहून जाण्याची नळी यांची सफाई मात्र मिस्त्रीकडून, हंगामापूर्वी एकदा. एसी बाराही महिने चालत असेल तर पावसाळ्यानंतर आणखी एकदा. कॉइल सतत ओले असते, त्यावर धूळ बसली की बुरशी धरते. एसी सुरू करताच कुबट वास आला, तर ती बुरशी समजा. अत्तराच्या फवाऱ्याने ती जात नाही. बाहेरच्या यंत्रात कबुतराचे घरटे किंवा तणसाच्या काड्या अडकल्या नाहीत ना, तेही पाहावे.

एक गोष्ट पैशाची. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी ती बुजवायची, मग गॅस भरायचा.

आता कूलर. आपल्याकडे एसीपेक्षा कूलरच जास्त, आणि आजारही त्याचेच जास्त. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी, टाकी पूर्ण रिकामी करावी. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या काठाशी चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. घासणीने भिंती खरवडून घासा, दिवसभर कोरडी राहू द्या. ताट्यांमधले वुडवूल किंवा वाळा दरवर्षी नवा घालावा. जुना अंगणात न टाकता नष्ट करावा, त्यातही अंडी असू शकतात.

यापेक्षा मोठा धोका विजेचा आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. कूलर चालू, आईने पाइप लावून टाकी भरायला सोडलेली, फरशी ओली, मुलगा अनवाणी. पाणी किती भरले ते पाहायला त्याने पत्र्याला हात लावला. माझ्यापर्यंत आणला तेव्हा काही उरले नव्हते. पंपाच्या तारेचे आवरण फाटले होते आणि घराला अर्थिंग नव्हते. त्या आईचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

म्हणून कूलर माळ्यावरून उतरवला की पाणी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पंप, तारा, तीन पिनांचा प्लग आणि घराचे अर्थिंग. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर कूलर चालवणारी घरे मी स्वतः पाहिली आहेत. मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचे ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवून घ्या. वीज पाण्यात किंवा पत्र्यात उतरली की ते क्षणात पुरवठा तोडते. त्याचा खर्च एका नव्या कूलरपेक्षा कमी असतो. पाणी भरताना आणि टाकी घासताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. कोणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला लावा.

एका वाचकाने पत्रातून विचारले आहे की एसीमुळे 'लिजनेअर' नावाचा न्यूमोनिया होतो का. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते, तिथे ही साथ आली आणि तिसाहून अधिक माणसे दगावली. त्याचा जंतू मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनातील पाण्याच्या मनोऱ्यांत वाढतो. घरच्या एसीत तसे पाणी साठत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. त्यापेक्षा घरात कोणी क्षयाचा रुग्ण असेल तर काळजी घ्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. अशा रुग्णाने खिडक्या बंद करून इतरांसोबत एसीत झोपू नये.

कूलरला तर खिडकी उघडीच लागते. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही, तर अंग चिकट होते आणि भिंतींना ओल धरते. मृग लागला, हवेत दमटपणा आला की कूलर गारवा देत नाही, तेव्हा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. पाऊस नीट बसला की टाकी घासून, वाळवून कूलर घरात ठेवा. गच्चीवर उघडा टाकलात तर जुलैचे पाणी त्यात साठेल, आणि ऑगस्टमध्ये दवाखान्यात तापाच्या रांगेत आपली भेट होईल.